निशाणाखालची झोप

पलटणीच्या निशाणावर कोंबडा आहे आणि त्याच्या एकाच पायात बूट आहे. दुसरा कुठे गेला, हे पलटणीत कुणी विचारायचं नसतं. बुटाची नाडी उसवली की निशाण माझ्याकडे शिवायला येतं. सोबत दोन शिपाई, कारण निशाण एकटं सोडायचं नाही. ते आपले शिलाई मशीनच्या दोन्ही बाजूंना खांबासारखे उभे.

त्या दुपारी माझी तान्ही चिऊ रडून रडून एकदाची माझ्या मांडीवर झोपली. मी नाडी पुरी केली, दोरा तोडला आणि हात अवघडला म्हणून निशाण जरा खाली सोडलं. ते तिच्यावर पसरलं.

दोन्ही खांब पांढरे पडले. थोरला कुजबुजला की निशाण फक्त शहिदावर घालतात. आता बंदुकांची सलामी झाल्याशिवाय ते उचलता येणार नाही. आणि संध्याकाळी तर संचलन.

"माझ्या लेकीला शहीद म्हणालात तर बघा," मी म्हटलं. "आणि बंदुका उडवून तिला उठवलंत, तर परत झोपवायला तुम्ही बसायचं."

दोघं घाबरले ते या दुसऱ्या गोष्टीला. धाकटा सुभेदारांना घेऊन आला. सुभेदार बूट दारात काढून मोज्यांवरच आत आले आणि त्यांनी एक जुना रिवाज काढला: आधी निशाणाखालच्याला तीनदा हाक मारायची. ओ आली, तर तो जिवंत, सलामी रद्द.

त्यांनी मिशीतल्या मिशीत हाक मारली, "चिऊ." काही नाही. पुन्हा मारली. निशाणावरचा कोंबडा तिच्या श्वासासोबत वरखाली होताना दिसत होता. तिसऱ्या हाकेला तिनं झोपेतच ओठ चुटचुट वाजवले.

"ही काही ओ नाही," धाकटा म्हणाला.

"तिची हीच ओ आहे," मी म्हटलं.

सुभेदारांनी निशाण अलगद उचललं. मग त्यांचा चेहरा पडला. निशाणाखाली जिवंत सापडली म्हणजे पलटणीतली, आणि पलटणीतली म्हणजे निशाणाखाली झोपा काढल्याची शिक्षा आलीच. पुढच्या दुधापर्यंत पाळण्यात कैद. दारावर पहारा. कुणी आत यायचं नाही, आवाज करायचा नाही.

सुभेदार आणि धाकटा निशाण घेऊन गेले. थोरला दारात उभा राहिला. सासूबाई भाजी घेऊन आल्या, तर त्यांनाही त्यानं पायरीवर बसवून ठेवलं. मी पाळण्याशेजारी आडवी झाले. शिक्षा जरा वाढवून मागावी असं मनात आलं, पण तोवर माझा डोळा लागला होता.