गादी बदलायची आहे

आमच्या बाबांचं कुलुपांचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या घरात चोर कुठून शिरेल याचा विचार करणारा माणूस घरी येऊन वेगळा काय विचार करणार? दूधवाल्याने "कसे आहात?" असं विचारलं तरी बाबा आधी "का?" म्हणतात.

दुकानात बाबा ज्या खुर्चीवर बसतात तिला आम्ही गादी म्हणतो. वास्तविक ती लोखंडी खुर्ची आहे आणि तिच्यावर भाकरीइतकी चपटी झालेली उशी आहे. पण आधी आजोबा तिच्यावर बसले, मग बाबा बसले, म्हणून ती गादी. पुढे ताई बसणार असं सगळे धरून चालले होते. ताई शाळेत असल्यापासून दुकानात जाते, बाबांच्या शेजारी स्टुलावर बसते, आणि डोळे मिटून कानाने तिजोरी उघडते. तिला ती खुर्ची हवी होती. इतकी, की तिने तसं कधी तोंडातून काढलं नव्हतं. आणि बाबांनी देतो असं कधी म्हटलं नव्हतं.

मधे आल्या कोंबड्या.

ताईने परसात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. कोंबडा पोल्ट्रीवाल्याने फुकट दिला होता, त्यावरूनच त्याची योग्यता कळावी. तो म्हातारा होता, कारण नसताना ओरडायचा, आणि आम्ही त्याला म्हाताराच म्हणायचो. बाबांनी खुराड्याला तीन कुलुपं लावून दिली आणि तिथून पुढे कोंबड्यांशी आपला संबंध संपला असं जाहीर केलं.

पावसाळी हवेत खुराड्याला वास यायला लागला. आई म्हणाली, "एक तर त्यांच्या खालचं बदल, नाहीतर त्यांना बदल." मग ताई रोज पोल्ट्रीवाल्याला फोन करायला लागली. पोल्ट्रीवाले लोक कोंबड्यांच्या पायांखाली जे पसरतात त्याला गादी म्हणतात. पेंढा, भाताचं तूस, लाकडाचा भुसा, काहीही असो, ती गादीच. ताईला हा शब्द इतका आवडला की चार दिवसांत तिच्या तोंडी दुसरं काही राहिलं नाही.

बाबांना मात्र हा शब्द एकाच अर्थाने माहीत होता. आणि ताई फोनवर बोलताना दार लावून घ्यायची, कारण म्हातारा ओरडायचा. आमच्या घरात बंद दाराबाहेर बाबा थांबणार नाहीत असं होतच नाही. तो त्यांचा व्यवसाय आहे.

मी स्वयंपाकघरातून बघत होतो. बाबा दाराला कान लावून उभे. आतून ताईचा आवाज:

"जुनी गादी आता ठेवण्यात अर्थ नाही हो. वरवर हलवून किती दिवस चालणार? एकदम काढायची. ... हो, पाणी कसं पाजायचं तेही ठरवलंय. एकदम नाही, थेंबाथेंबाने."

बाबांचा चेहरा तूस भरलेल्या पोत्यासारखा झाला.

"आणि म्हाताऱ्याचं काय करायचं? कामाचा काही राहिला नाही, नुसता ओरडतो. कापायला मन होत नाही. बाहेर बांधू म्हणते."

बाबा भिंतीला धरून धरून अंगणात गेले आणि मला खुणेने बोलावलं.

"तुझी ताई गादी बदलायचं म्हणतेय?"

"हो," मी म्हटलं. मला काय माहीत, हे कुठल्या गादीबद्दल बोलतायत! "सगळ्यांनाच माहितीये."

"सगळ्यांना?"

"आईनेच सांगितलं तिला, लवकर बदल म्हणून. वास येतो म्हणते."

बाबांनी हळूच सदऱ्याची बाही नाकाशी नेली. मग आत जाऊन दुसऱ्यांदा अंघोळ केली.

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानातून येताना काखेत उशी घेऊन यायला लागले. खुर्ची त्यांनी साखळीने काउंटरला बांधली आणि वर आमच्याकडचं सगळ्यात महाग कुलूप लावलं. ताईने विचारलं, "खुर्ची कोण नेणारे, बाबा?" त्यावर बाबा म्हणाले, "तू सांग." ताई त्यांना पाणी द्यायला गेली की ते ग्लासात वाकून बघायचे, तिला आधी प्यायला लावायचे, आणि तरीही प्यायचे नाहीत. पाणी पाजणे म्हणजे हरवणे हे त्यांना ठाऊक होतं, पण सावध माणूस दोन्ही अर्थांनी सावध असतो. आईने काळजीने विचारलं, "अहो, पोट बिघडलंय का?" तर म्हणाले, "तूपण?"

इकडे ताईला दुसराच घोर होता. पेंढा टाकून पाहिला, तर त्याला आतून बुरशी धरली. गिरणीतला बारीक भुसा आणला, तर कोंबड्या शिंकायला लागल्या. कोंबडी शिंकते तेव्हा आधी स्वतःच दचकते आणि मग शेजारणीकडे रागाने बघते. शेवटी सुताराकडचे रंध्याचे कुरळे छिलके आणि तूस यांचं मिश्रण जमलं. पण पाण्याचं भांडं उघडं होतं. कोंबड्या त्यात उभ्या राहायच्या, छिलके उडवायच्या, आणि सकाळी सगळं ओलं. म्हणून ताईने खाली बारीक नळ्या लावलेली बादली मागवली. नळीच्या टोकाला चोच लावली की एक थेंब येतो, नाही लावली की नाही येत.

रविवारी जेवताना बाबांनी पाट सरळ केला, घसा खाकरला आणि जाहीर केलं, "मी पुतण्याला बोलावून घेतलंय. दुपारच्या गाडीने येतोय. उद्यापासून गादीवर तो."

हा आमचा चुलतभाऊ एकदा मोटारीची किल्ली आत ठेवून दार लावून बसला होता. तेही काच उघडी असताना.

ताईचा घास हातातच राहिला. "तो? त्याला पिसांची ॲलर्जी आहे बाबा!"

"पिसांचा काय संबंध?"

"बसल्या बसल्या शिंकून मरेल. आणि एवढा जाडजूड माणूस, गादी दबून जाईल सगळी. मी इतक्या मेहनतीने फुगवलीय."

"तू फुगवलीस? गादी माझ्या बापाने फुगवली! मी तीस वर्षं तिच्यावर बसलोय!"

ताईने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे. मी वरणाकडे.

"तुम्ही बसलात?" ताई जपून म्हणाली. "कधी?"

"कधी म्हणजे? रोज! सकाळी नऊपासून!"

"अगं बाई," आई पुटपुटली. "म्हणून दोनदा अंघोळ."

"आणि ऐक," बाबा बोट उगारून म्हणाले, "मला पाणी पाजणारी अजून जन्माला यायचीये!"

"तुम्हाला कशाला पाजू? तुम्हाला हात आहेत. त्या बिचाऱ्यांना नाहीत म्हणून बादली आणली."

"आणि म्हाताऱ्याला कापणार होतीस!"

"कापणार नाही म्हटलं मी! बाहेर बांधणार. खायला-प्यायला देऊ की."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. नेमक्या त्याच वेळी परसातून म्हातारा ओरडला, आणि ताई सवयीने म्हणाली, "गप रे म्हाताऱ्या, जेवतोय आम्ही."

बाबांनी परसाकडे पाहिलं. मग ताईकडे. मग पुन्हा परसाकडे. त्यांच्या डोक्यात कुलपाचे खटके एकेक करून पडत होते, मला जवळजवळ ऐकू आले.

सगळे उष्ट्या हातांनीच परसात गेलो. ताईने तिन्ही कुलुपं उघडली. बाबांनी वाकून मूठभर छिलके उचलले, दाबले आणि सोडले. ते भुरभुर खाली पडले.

"गोळा झाला तर गादी ओली," ताई म्हणाली. "मोकळं सुटलं तर बरोबर."

"हिला गादी म्हणतात?"

"पोल्ट्रीवाले म्हणतात."

बाबांनी बादलीखालच्या नळीला बोट लावलं. थेंब आला. बोट काढलं, थेंब थांबला. पुन्हा लावलं. "आत खटका आहे," ते म्हणाले, आणि खूप दिवसांनी त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग लगेच आवळला. त्यांना नवीन संशय आला होता.

"म्हणजे माझी गादी तुला नकोय?"

ताई म्हाताऱ्याच्या पायाखालचे छिलके उगाच सारखे करत राहिली.

"नको असेल तर तसं सांग. तुला कोंबड्याच आवडतात की काय?"

"हवीय," ताई खाली बघूनच म्हणाली. "लहानपणापासून हवीय. पण मागितली असती तर तुम्ही विचारलं असतं, का."

बाबांनी तोंड उघडलं. बहुतेक "का?" म्हणायलाच. आईने त्यांच्या पायावर पाय दिला.

पुतण्या दुपारी बॅग घेऊन आलाच. बाबांनी त्याला जेवायला वाढलं, परत जाण्याची गाडी विचारली, आणि त्याला शब्द दिला होता म्हणून जाताना एक चांगलं कुलूप दिलं. किल्ली वेगळ्या पाकिटात बांधून दिली.

सोमवारी मी दुकानात गेलो तेव्हा साखळी सुटली होती आणि खुर्चीवर ताई बसली होती. बाबा काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या बाजूला उभे होते, दोन्ही हात मागे बांधून. त्यांनी एक कुलूप उचललं, उलटंपालटं केलं आणि परक्या माणसाच्या आवाजात विचारलं, "हे पक्कं आहे कशावरून?"

"विश्वास नसेल तर पुढचं दुकान बघा," ताई म्हणाली.

बाबांनी कुलूप खाली ठेवलं. माझ्याकडे झुकून कुजबुजले, "जमेल हिला." मग पुन्हा तिच्याकडे वळून, आवाज चढवून म्हणाले, "आणि दुसरं दाखवा. हे मला बरोबर वाटत नाही."