पातळ झालेलं आइल

रोहण्याच्या अण्णाजींच्या विहिरीवर डिझेल इंजन बसलं तेव्हा त्यांची नजर अधू झाली होती आणि एकुलता एक मुलगा रूपराव चांद्याकडच्या कोळसा खाणीत फिटर म्हणून लागला होता. इंजन चालवायचं कोणी, हा प्रश्न आपोआप सुनेवर येऊन पडला. जाण्याआधी रूपरावनं नलूला हँडल मारायला शिकवलं आणि आइल पाहायलाही. सकाळी इंजन थंड असताना आइलात बुडालेली मापाची पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा बुडवून काढायची. काळंभोर, काकवीसारखं दाट आइल दोन रेघांच्या मध्ये दिसलं की निर्धास्त. एवढं सांगून तो गेला. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

नलू रोज सकाळी पट्टी पाहायची. एकदा गव्हाला पाणी चालू असताना भर दुपारी तिला इंजनाचा आवाज बदलल्यासारखा वाटला. तिनं ते बंद केलं आणि लगेच पट्टी ओढली. पाहते तर आइल पाण्यासारखं पातळ, पट्टीवर ठरेना, आणि खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं. तिनं धावत जाऊन अण्णाजींना सांगितलं. अण्णाजी तसेच उठून आर्वीला गेले आणि त्यांनी मुलाला तार केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रूपराव आला तो पांढराफटक चेहरा घेऊन. तारेत फक्त 'ताबडतोब ये' एवढंच होतं. आईला धडधाकट पाहून तो ओट्यावर मटकन बसला. सकाळी शेतात जाऊन त्यानं पट्टी काढली, तर आइल जागच्या जागी. नलू ओशाळली. त्यानं इंजन सुरू केलं, बराच वेळ चालू दिलं, बंद करून पुन्हा पट्टी दाखवली. आइल पातळ, आणि खाली.

"तापलं का ते पातळ होते," तो म्हणाला, "अन् चालत्या इंजनात वर चढलेलं असते. खाली उतराले वेळ लागते त्याले. चूक माहीच हाये, हे सांगाचं राहूनच गेलं."

दोघं शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून आइल उतरायची वाट पाहत राहिली. थोड्या वेळानं पट्टी पाहिली तर ते रेघेवर आलेलं. तेवढाच काय तो निवांत वेळ मिळाला. दुपारच्या गाडीनं तो परत गेला. खाणीतून रजाच तेवढी मिळाली होती.

त्यानंतरचे दिवस नलूला जड गेले. तो आला नसता तर बरं होतं, असं तिला वाटायचं. संक्रांतीला बायका वाणं घेऊन आल्या, नावं घ्यायचा आग्रह झाला. तिनं नाव घेतलं आणि तिळगूळ आणायच्या निमित्तानं आत गेली. भिंतीवरच्या खुंटीला त्याचा जुना सदरा होता. सासूबाई देवकाबाई तो धुवायला काढायच्या, तर ही म्हणायची, राहू द्या, स्वच्छ आहे.

माघात गव्हाला शेवटचं पाणी होतं. शेजारचे मधुकरराव चांद्याला लेकीकडे निघाले होते. ते धुऱ्यावरून जात असताना नलूनं नुकत्याच बंद केलेल्या इंजनाची पट्टी ओढली होती. आइल पातळ होतं, जसं असायला हवं तसंच. ती पट्टी हातात धरून म्हणाली, "काकाजी, त्याइले सांगजा, आइल पातळ झालं म्हणून."

मधुकरराव गेले. निरोप ऐकून रूपराव रागावला तर?

तो आला. अण्णाजी बांधावर बसलेले असताना त्यानं थंड इंजनाची पट्टी काढली. काकवीसारखं दाट आइल बरोबर दोन रेघांच्या मध्ये होतं. त्यानं नलूकडे पाहिलं. ती मातीकडे पाहत होती.

"बाबा," तो म्हणाला, "खोलाच लागन हे. दोन दिवस तरी जातीन."

गोणपाटावर एकेक भाग उतरत गेला. अण्णाजी कंटाळून घरी गेले. नलू घासलेटमध्ये भाग धुऊन देत होती, तो पुसून ठेवत होता. बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "आठवण आली तं तसा निरोप धाडता येत नाई का?"

"कोनाजवळ धाडू?" नलू म्हणाली.

त्याचा हात थांबला. गावातली माणसं त्यानं मनातल्या मनात आठवून पाहिली, पण असा निरोप देता येईल असं कोणी सापडेना.

पुढं तो दर सुट्टीला न बोलावता येऊ लागला. आला की इंजन पाहायला शेतात जायचा. अण्णाजी गावात सांगायचे की हे इंजन घेऊन आपण फसलो. नलू मात्र त्याच्या येण्याच्या आदल्या दिवसापासून जेवायची नाही नीट, आणि गेल्यावरही नाही. खाणीच्या चाळीत त्याला खोली मिळाली, तरी नलूविना शेताला पाणी कोण देणार, म्हणून विषय निघायचा आणि बारगळायचा.

चौऱ्याऐंशी साली शेतापर्यंत विजेची तार आली. विहिरीवर मोटार बसली, इंजन आर्वीच्या एका माणसानं विकत नेलं. त्या रात्री नलूला झोप लागली नाही. आता तो काय निमित्त काढणार?

तो आला, तेव्हा देवकाबाईंनीच विषय काढला. ताटात भाकर वाढत त्या म्हणाल्या, "आता इंजन नाई. बटन मीबी दाबीन. हिले घेऊन जा चांद्याले."

त्या पुढं म्हणाल्या, "मले सारं समजत व्हतं बाप्पा. पन गहू वाळला असता."

नलू स्वयंपाकघरात गेली आणि चुलीत फुंकर घालत बसली. मग पेटी काढली, दोन लुगडी ठेवली, आणि पुन्हा उठून सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली. सहा वर्षं जिथं जायची आस होती तिथं उद्या जायचं होतं, आणि तिला उठवत नव्हतं.