माएंगकाकूंनी लिहिलेली माझी साक्ष

माएंगकाकू घरात येतात तेव्हा आधी त्यांची प्रार्थना शिरते, मग त्या, मग डबे. गुरुवारी सकाळी चर्चमधल्या चार बायका माझ्याकडे उपासनेला आल्या. सोंग-ह्योकला, माझ्या नवऱ्याला, जाऊन आठ महिने झाले होते. लेकीला, दान-बीला, मी पाठीशी बांधलं होतं. तिला दात येत होते आणि ती माझा खांदा चावत होती.

काकूंनी सोंग-ह्योकच्या फोटोकडे पाहिलं, माझ्या फरशीकडे पाहिलं. फरशीकडे जरा जास्त वेळ. मग एक कागद पुढे केला.

"रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपुढे तू साक्ष द्यायचीस. मी लिहूनच आणलीय, तुला कुठे वेळ मिळतो."

देवाने पतीला नेले म्हणून मला प्रभू भेटला, या दुःखाबद्दल मी आभारी आहे, असं त्यात होतं. खाली माझं नाव.

"म्हणजे काकू, चर्चमध्ये दोन माणसं वाढावीत म्हणून देवानं तिसरं मारलं?"

"असं बोलू नये. त्याची योजना आपल्याला कळत नसते."

"तुम्हाला बरी कळली. सहीसकट."

धाकटी सू-ओक खोकल्यासारखं हसली आणि घाईघाईनं नासपती चिरायला लागली.

"नुसतं येऊन बसणाऱ्यांबद्दल लोक बोलतात, बाई," काकू म्हणाल्या. "पाळकांना मी शब्द देऊन बसलेय."

यांच्यापायी चर्च सोडणं मला परवडणारं नव्हतं. तिथे पाळक तीनदा प्रभूला हाक मारतात आणि तीनशे माणसं एकदम, मोठ्यानं, आपापलं गाऱ्हाणं सांगू लागतात. कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. त्या गलक्यात मी आठ महिने देवाशी भांडत आले. 'अजून तरुण आहेस' असं न म्हणणारा तो एकटाच. भांडून घरी आले की मला घास गिळता यायचा.

"चला, प्रार्थना करू," म्हणत काकूंनी तीन हाका दिल्या. पण इथे पाचच जणी. शब्द न् शब्द ऐकू येणार.

"प्रभू, या पोरीचं दगडासारखं मन फोड," काकूंनी सूर लावला.

मीही तोंड उघडलं, चर्चमध्ये उघडते तसंच.

"प्रभू, मी आभार मानणार नाही. शेवटी त्याला पाणीही गिळवत नव्हतं, आणि तू बघत होतास. याचा जाब मी मागत राहीन. पण रोज ऐकायला तूच असतोस, हेही खोटं नाही. म्हणून मी येणार. साक्ष देणार नाही, तरी येणार. आणि त्याला सांग, पोर त्याच्यासारखीच तोंड उघडं टाकून झोपते."

एकेक आवाज थांबत गेला. काकूंचासुद्धा. मी सगळं बोलून घेतलं, नाक पुसलं.

"काकू, आमेन राहिलं."

देवाला रोज सल्ले देणारी ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली आमेन, पण फार हळू.

रविवारी मी गेले. साक्षीला दुसरीच कुणी उभी होती, कशाकशाचे आभार मानत. दान-बीला मांडीवर थोपटत मी तिचं संपायची वाट बघत बसले, कारण त्यानंतर प्रार्थना होती.