तीन टिंबांच्या जागी

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. छापखान्याच्या वरच्या मजल्यावरची, लांबट. खाली यंत्र धडधडते, त्यामुळे टेबलावरच्या पेन्सिली हळूहळू कडेकडे सरकतात. टेबलाच्या एका बाजूला एक बाई बसली आहे. तिच्यासमोर छापून आलेली कच्ची पाने, म्हणजे प्रुफे. दुसऱ्या बाजूला तिची अकरा वर्षांची मुलगी, आणि तिच्यापुढे लेखकाने दिलेली मूळ प्रत. मुलगी मोठ्याने वाचते, आई छापील ओळीवरून पेन्सिल नेते. फरक सापडला की समासात खूण करते.

तुम्हीही आत या, दाराजवळच्या स्टुलावर बसा. खिडकीजवळची हातांची खुर्ची रिकामी आहे, पण तिच्यावर नको. सगळे भांडण तिचेच आहे.

या कामात एक नियम असतो. कागदावर जे जे आहे ते सगळे वाचायचे, विरामचिन्हांसकट. "राजा आला स्वल्पविराम बसला पूर्णविराम." पहिल्या दिवशी हसू येते, चौथ्या दिवशी स्वप्नातही पूर्णविराम येतात. मुलीला शाळेची सुट्टी होती आणि वाचून दाखवणारा माणूस आजारी, म्हणून आईने तिला सोबत आणले होते. यंत्राच्या आवाजावर तिचा आवाज चढायचा, म्हणून छापखान्यात तिला सगळे टिटवी म्हणत.

खिडकीजवळची खुर्ची मुख्य वाचकाची. ती महिन्यापूर्वी रिकामी झाली होती. आई तिथे एकोणीस वर्षे काम करत होती. त्या खुर्चीवर बसलेल्या शेवटच्या दोन पुरुषांना कामही तिनेच शिकवले होते. पण बाई त्या खुर्चीवर कधी बसली नव्हती. मालक म्हणायचे, "माझी ना नाही हो बाई, पण पायंडा नाही." पायंडा हा असा प्राणी आहे की तो नेहमी दुसऱ्याच्याच वाटेत आडवा बसलेला असतो.

या खेपेला मात्र मालकांनी वाट काढली होती. "छापखान्याच्या मंडळावर प्रस्तावनाकार आहेत," ते म्हणाले. "त्यांचं पुस्तक नीट निघू द्या. ते हो म्हणाले की खुर्ची तुमची."

प्रस्तावनाकार म्हणजे एक निवृत्त प्राचार्य. गावात कोणाचेही पुस्तक निघो, पुढची बारा पाने यांची. यजमानाआधी पंगतीला बसणाऱ्या पाहुण्यासारखी. या वेळी पुस्तक त्यांचे स्वतःचेच होते, तरी प्रस्तावनाही त्यांचीच होती.

विषय असा. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांत मोठे तपस्वी आणि पंडित होऊन गेले. पुढे लोकांनी त्यांना संत म्हटले. त्यांनी उपास केले, गरिबांना घरेदारे वाटून टाकली आणि जाडजूड ग्रंथ लिहिले. यांतले बरेच खरोखर चांगले होते. पण बाईचा विषय निघाला की त्यांच्यातल्या पुष्कळांची लेखणी बिथरायची. प्रस्तावनाकारांचे म्हणणे असे की छे, संतांनी स्त्रीला किती उंच बसवले होते ते पाहा. आजचा स्त्रीवाद म्हणजे न वाचणाऱ्या बायकांचा आरडाओरडा. पुस्तक त्यांनी पत्नीला अर्पण केले होते: 'जिने ही सहाशे पाने एक शब्दही न बोलता टंकित केली.'

"आई, स्त्रीवादी म्हणजे कोण गं?" टिटवीने तिसऱ्या दिवशी विचारले.

"या पुस्तकाप्रमाणे, जिला मत आहे आणि काम नाही ती."

"आणि खरं?"

"खरं या पुस्तकात नाही. वाच पुढे."

टिटवीने वाचले: "अवतरण सुरू स्त्रीने शिकवले टिंब टिंब टिंब अवतरण पूर्ण. नवा परिच्छेद. पाहा स्वल्पविराम संतांनी स्त्रीला साऱ्या मानवजातीची शिक्षिका मानले होते पूर्णविराम." ती थांबली. "आई, त्या टिंबांच्या जागी काय होतं?"

"गाळलेला मजकूर."

"का गाळला?"

आता छापखान्यातला दुसरा नियम. अवतरण आले की ते मूळ ग्रंथाशी ताडून पाहायचे. त्यासाठी लेखकाने आपल्याजवळचे ते ग्रंथ पाठवायचे असतात. प्रस्तावनाकारांनीही संतांच्या ग्रंथांची मराठी भाषांतरे पाठवली होती, पानोपानी कागदाच्या खुणा घालून. मुद्रितशोधक म्हणजे चुकलेल्या वेलांट्या वेचणारी बाई, एवढीच त्यांची समजूत. ती ग्रंथ उघडेल हे त्यांच्या गावीही नव्हते.

आईने खूण काढून पान उघडले. तिथे लिहिले होते की स्त्रीने एकदाच शिकवले आणि सगळ्याचा सत्यानाश झाला, म्हणून तिला पुन्हा शिकवू देऊ नये.

टिटवी हसली नाही. पुढचे अवतरण तिनेच शोधले. पुस्तकात होते, 'देवाने पुरुषाला सोबतीसाठी स्त्री दिली...' ग्रंथात टिंबांच्या जागी होते की ही सोबत फक्त मुले होण्यापुरती. गप्पागोष्टींना सोबत हवी असती, तर देवाने दुसरा पुरुषच नसता का दिला?

"म्हणजे बायकांशी बोलायचं काय, असं," टिटवी म्हणाली.

"हो."

"तू या संतांना भेटली असतीस तर?"

"प्रुफं तपासून दिली असती."

आणखी एक संत निघाले. त्यांची काही शहाण्या बायकांशी मैत्री होती. त्या बाया परकी भाषा शिकून अवघड प्रश्न विचारत, संत पानेच्या पाने उत्तरे देत. संतांची उत्तरे लोकांनी शतकानुशतके जपली. बायकांची पत्रे कुठे गेली ते कोणाला ठाऊक नाही.

"तिथेही टिंबंच," टिटवी म्हणाली.

अशा सात जागा निघाल्या. सातही ठिकाणी आईने समासात बारीक अक्षरात लिहिले, 'मूळ पाहावे.' प्रुफे प्रस्तावनाकारांकडे गेली आणि आठवड्याने परत आली. सातही खुणांवर लाल रेघ होती. खाली शेरा: 'वाचणाऱ्या बाईंनी अर्थात शिरू नये.'

मालक वर आले. "बाई, टिंबांना शाई तरी किती लागते? असू द्या की."

"मी कुठे पुसलीत? विचारलं फक्त."

"विचारू नका. एकोणीस वर्षं थांबलात, आता सात जागच्या टिंबांसाठी खुर्ची घालवू नका."

आई गप्प राहिली. मुलांनो, गप्प बसणे म्हणजे कबूल असणे, अशी मोठ्या माणसांची सोयीची समजूत असते. मालक खूष होऊन खाली गेले.

शेवटचे वाचन सोमवारी होते. छपाईला जाण्याआधी लेखकाने समोर बसून सगळी अवतरणे ऐकायची, मग मुख्य वाचकाने 'मुळाशी ताडले' असे लिहून सही करायची, आणि त्या सहीशिवाय यंत्र सुरू करायचे नाही, अशी तिथली जुनी रीत. मुख्य वाचक नव्हता, म्हणून सही आईची.

प्रस्तावनाकार आले आणि सरळ खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. तिच्यावर बसायची परवानगी फक्त कोणाला नाही, हे त्यांना पाठ होते. "वा, मुलीला बसवलंय वाचायला," ते मालकांना म्हणाले. "पुस्तकाच्या भावनेला धरून झालं."

टिटवीने सुरुवात केली. "स्त्रीने शिकवले टिंब टिंब टिंब."

"टिंबं वाचायची नसतात, बाळ."

"सगळं वाचायचं असतं, आजोबा. नियम आहे."

आजोबा हा शब्द त्यांना चावला. मालक खोकले. टिटवी वाचत राहिली, आणि यंत्र बंद असल्यामुळे प्रत्येक टिंब भिंतीवर खडा मारल्यासारखे वाजत राहिले.

वाचन संपले तेव्हा प्रस्तावनाकारांनी चहा घेतला. "बाई, तुमच्या शंका पाहिल्या. अहो, संतांचा काळ वेगळा. आजच्या बायकांना चिडायला निमित्त लागतं. ते मी काढून टाकलं, इतकंच."

"काढलं नाही, सर. झाकलं."

"शब्दांत काय आहे," शब्दांवर जन्म काढलेला तो माणूस म्हणाला. मग त्याने खुर्चीच्या हातावर थोपटले. "हिच्याबद्दल मालक बोललेत. माझी हरकत नाही. संतांनी स्त्रीला मान दिला, आपण खुर्ची देऊ. तेवढी सही करा."

आईने कागद ओढून घेतला. ती बराच वेळ पेन धरून होती, कारण एकोणीस वर्षे ही काही थोडी नसतात. खुर्चीकडे तिने एकदा पाहिले. मग तिने लिहिले, 'मुळाशी ताडले. सात ठिकाणी जुळत नाही.' खाली सही केली, तारीख घातली, आणि कागद त्यांच्या पुढ्यात सरकवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. एवढ्या काळजीने त्यांनी संतही वाचले नसावेत.

"मग खुर्चीचा विचार..." ते म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडले. धमकी पुरी करायची नसते, हे सभ्य माणसांना चांगले माहीत असते.

"टिंब टिंब टिंब," टिटवी म्हणाली.

"मुलीला आवरा."

"वाचन अजून संपलं नाही, सर," आई म्हणाली. "शेवटच्या वाचनात ताळा जुळला नाही, तर मूळ वाचायचं. मालक, तीही तुमचीच रीत."

मालकांनी छताकडे पाहिले. वडिलांनी घातलेली रीत होती. हो म्हणणे कठीण आणि नाही म्हणणे त्याहून कठीण.

टिटवीने त्यांची वाट पाहिली नाही. तिने सगळ्यांत जाड ग्रंथ दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला. प्रस्तावनाकारांनीच घातलेली कागदाची खूण काढून त्यांच्या बशीत ठेवली. जिन्यावर खालची माणसे ऐकायला आली होती, म्हणून जाऊन दार पुरते उघडले. मग परत येऊन ती टेबलापाशी आपल्या स्टुलावर उभी राहिली, टिंबे जिथे सुरू झाली होती त्या शब्दावर बोट ठेवले, आणि यंत्र चालू असते तेव्हा वाचायची तेवढ्याच मोठ्या आवाजात, एकही स्वल्पविराम न गाळता, वाचायला लागली.