एका स्विचात दोन नऊ

जगित्यालमध्ये केबलचे दोन धनी होते आणि दोघांचंही डोकं नऊ या आकड्यात अडकलेलं होतं. कोटाकडची घरं लिंगमूर्तीची, तलावाकडची मोंडय्याची. मोंडय्या हा लिंगमूर्तीचा बामर्दी, म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ. तेव्हा भांडण घरातलंच, आणि घरातल्या भांडणात असते तेवढी सगळी घाण त्यात होती. हा त्याची तार कापायचा, तो ह्याच्या खांबाला शेण फासायचा, आणि सणाला दोघं शेजारी बसून मटण ओरपायचे.

मग हैदराबादेची एक मोठी कंपनी गावात शिरली आणि मातीमोलानं इंटरनेट वाटू लागली. गिऱ्हाईकं गळायला लागली तशी दोघांना नात्याची आठवण झाली. ठरलं असं, की दोन्हींकडच्या तारा एका स्विचात, म्हणजे तारा जोडणाऱ्या एकाच पेटीत आणायच्या, वरून एकच दणकट लाईन घ्यायची आणि सद्दुल बतुकम्माच्या संध्याकाळी तलावावर बायका फुलांचे मनोरे घेऊन जमतात तो सोहळा गावभर थेट दाखवायचा. दिसला तर गाव आपलं. नाही दिसला तर दोन्ही दुकानांना कुलूप.

हे जोडायला त्यांनी स्रवंतीला नोकरीवर घेतलं. ती आधी हैदराबादेत काचेच्या इमारतीत बसून फोनवर परक्या लोकांच्या शिव्या खायची. इथे शिव्या निदान ओळखीच्या माणसांच्या होत्या. हे दुकान बुडालं तर पुन्हा ती काच होती, आणि ती तिला मरेपर्यंत नको होती.

पहिल्याच दिवशी घोळ कळला. दोघांच्याही व्हीलॅनचा क्रमांक नऊ. व्हीलॅन म्हणजे तारेतून जाणाऱ्या मालावरचा बिल्ला. बिल्ला सारखा दिसला की स्विचला वाटतं सगळे एकाच घरचे, आणि तो सगळ्यांना एकाच पंगतीत बसवतो.

"दोघांपैकी एकानं नऊ सोडा," स्रवंती म्हणाली.

"सिद्धांतीनं पंचांग बघून काढून दिलेला आकडा आहे, बिड्डा," लिंगमूर्ती म्हणाला. "लग्नाची तारीख नऊ, गाडीचा नंबर नऊ. बामर्दीला सांग सोडायला."

"बावाला सांग," मोंडय्या बहिणीच्या नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "त्याच्या लग्नाच्या नऊ तारखेनं माझ्या बहिणीचं काय भलं झालं ते सगळं जगित्याल बघतंय."

असल्या माणसांच्या हातात धंदे असतात, आणि धंदा बुडाला की ही माणसं ग्रहांना दोष देतात. ग्रह बिचारे कोटी कोटी मैलांवर. त्यांना केबलमधलं काय कळतं? पण स्रवंतीला महिनाअखेरीस पगार हवा होता, म्हणून तिनं मॅपिंगचा रस्ता काढला.

"तुमच्या गल्लीत यादगिरी किती?" तिनं विचारलं.

"प्रत्येक घरात एक," मोंडय्या म्हणाला.

"घरी त्याला नुसतं यादगिरी म्हणतात. शाळेत मास्तर घरनावासकट हाक मारतात, नाहीतर अर्धा वर्ग उभा राहील. घरी आला की पुन्हा नुसता यादगिरी. तसंच हे. तुमच्या पोर्टवर, म्हणजे तुमची तार जिथं स्विचात शिरते तिथं, तुमचा नऊच राहील. स्विचात शिरताना मी दुसरा आकडा लावते, बाहेर पडताना काढते. तुमच्या नवाला कोणी हात लावत नाही."

दोघंही खूश झाले. प्रश्न तिथेच मिटला होता. पण लिंगमूर्तीनं विचारलं, "आत मला काय म्हणणार?" आणि स्रवंती खरं बोलली. हीच तिची चूक.

"तुम्ही एकशे नऊ, मोंडय्यागारू दोनशे नऊ."

"म्हणजे मी बावाच्या मागं?" मोंडय्या म्हणाला.

लिंगमूर्ती बोटांवर बेरीज करत होता. "एक, शून्य, नऊ. दहा. दहाचा एक. माझा नऊ मारलास की तू."

"आत कोणी बेरीज करत नाही, लिंगमूर्तीगारू."

"देव करतो," लिंगमूर्ती म्हणाला.

शिवाय दोघांनी हट्ट करून आपापल्या पोर्टचा पासवर्ड घेतला होता. मालक म्हणवून घ्यायचं आणि आपल्याच पोर्टला हात लावता येत नाही, हे त्यांच्या मिशांना झेपत नव्हतं. स्रवंतीनं कागदावर लिहून दिला आणि आतला आकडा बदलायची आज्ञाही शिकवली. दोघांनी ती मंत्रासारखी पाठ केली.

सणाच्या सकाळी दोघंही, एकमेकांना न सांगता, सिद्धांतीकडे गेले. सिद्धांती एकच. त्यानं दोघांना तोच आकडा दिला: एकशे आठ. जपमाळेच्या मण्यांचा आकडा, बेरीज नऊ, आणखी काय हवं? दोघांनी घरी बसून गुपचूप आपापल्या पोर्टवर तो चढवला. आत दोघांचा बिल्ला एक झाला आणि स्विचनं दोन्हीकडची घरं एका पंगतीत बसवली.

दुपारपासून फोन सुरू झाले. कोटाकडे कोणी मोबाईल उघडला की स्वागताच्या पानावर मोंडय्या हात जोडून उभा. तलावाकडे लिंगमूर्ती, गळ्यात हार घालून. इंटरनेटवरचा एकच पत्ता दोन-दोन घरांना वाटला गेल्यामुळे निम्म्या घरांत तर काहीच दिसेना. फक्त लिंगमूर्तीच्या बायकोचा, राजव्वाचा फोन वेगळा होता. "माझ्या भावाचा फोटो छान आलाय," ती म्हणाली. "राहू दे तसाच."

उन्हं उतरताना दोघंही स्विचच्या खोलीत येऊन आदळले.

"बावानं माझी गिऱ्हाईकं पळवली."

"मी? तुझं थोबाड माझ्या देवघरातल्या टीव्हीवर आलंय. बायको त्याला कुंकू लावायला निघाली होती."

स्रवंतीनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "एकशे आठ इथं आणि एकशे आठ तिथं. कोणी केलं?"

दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.

"एकानं दुसरा आकडा घ्या. तलावावर ढोल सुरू झालेत."

"त्याला दे."

"त्यालाच दे."

तेव्हा तिचं डोकं फिरलं. तिनं दोघांचेही पासवर्ड काढून टाकले, आत दोन वेगळे आकडे बसवले आणि पडद्यासमोर उभी राहिली.

"बाहेर दोघंही नऊ. आत काय आहे ते मी सांगणार नाही."

"मालक मी आहे," लिंगमूर्ती म्हणाला.

"मग मालकानं बाहेर बसावं. आत तुमच्यापैकी कोणीच नाही. आत माल जातो आणि येतो. तिथं मिशा लागत नाहीत."

मोंडय्यानं आवाज गोड केला. "माझा आकडा लहान आहे का, एवढंच सांग, अम्मा."

"नाही सांगत."

बाहेरच्या टीव्हीवर तलाव उमटला. फुलांचे मनोरे, भोवती फेर धरलेल्या बायका. कोटाकडून फोन आला, दिसतंय. तलावाकडून आला, दिसतंय. स्रवंती खुर्चीत बसली. दोघं धनी बाहेर बाकावर जाऊन बसले. दार उघडंच होतं.

"फार माज आहे पोरीला," लिंगमूर्ती म्हणाला.

"मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय, बावा."

"कधीच म्हणाला नाहीस. पण बरोबर आहे तुझं."

"सण झाला की काढून टाकू."

"टाकू. आणि आतला आकडा कोण सांगणार आपल्याला?"

मोंडय्यानं विचार केला. "मग दिवाळीपर्यंत राहू दे."

"संक्रांतीपर्यंत," लिंगमूर्ती म्हणाला. "दिवाळीत लाईन गेली तर कोण बघणार?"

दोघांनी पुन्हा तिचा उद्धार सुरू केला, एकानं सोडलेलं वाक्य दुसऱ्यानं पुरं करत. राजव्वानं पाठवलेली सर्वपिंडी, तांदळाच्या पिठाची खमंग थालीपिठासारखी भाकरी, त्यांच्यामध्ये एकाच पानावर होती, आणि बोलता बोलता दोघंही ती मोडून खात होते. स्रवंती आतून ऐकत राहिली. शिव्या ओळखीच्या होत्या.