भर दुपारी पाडलेलं शटर

थोरलीच्या केकच्या दुकानातला काचेचा मोठा फ्रीज सकाळपासून नुसता घुरघुरत होता. थंड करायचं नाव नाही. आत उद्याच्या लग्नाचा तीन मजली केक. त्याची क्रीम घामाघूम व्हायला लागली तशी थोरलीही झाली. पण तिचा पहिला हुकूम सुटला तो शटर पाडायचा. समोरच धाकट्या जावेचंही केकचंच दुकान, आठवडाभर शटर अर्धंच उघडं असलेलं; वाटण्या झाल्यापासून दोघींत फक्त टोमण्यांची देवाणघेवाण उरलेली. आपला फ्रीज मेला हे तिला कळण्यापेक्षा थोरलीला स्वतः मेलेलं परवडलं असतं.

मग जावयाला बोलावलं. तो फ्रीजचा मेकॅनिक. माणूस गरीब गाय; सासूने गारढोण चहा दिला तरी ‘छान झालाय’ म्हणून पिणारा. त्याने मागची जाळी काढली, नळीच्या जोडाला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले. गॅस गळत होता. जावयाने पिशवीची चेन लावली आणि पालथ्या क्रेटवर बसून राहिला.

“काय जावईबापू, मुहूर्त बघताय का?”

“आई, भट्टी विझवा. शटर वर करा, मागचं दार उघडा. मगच हात लावतो.”

“अहो, गॅस भरायचाय, वरात नाही काढायची!”

“हा गॅस चुलीतल्या गॅसचा सख्खा भाऊ. त्यात वास नाही, जमिनीलगत साचतो. बंद खोलीत ठिणगी पडली, तर केकबरोबर आपणही उडू.”

“माझ्या लेकीने बरा भित्रा शोधला! मागच्या मेकॅनिकने बिडी ओढत भरला होता.”

“म्हणूनच जोड असा लावलाय.”

गाय शिंग उगारते हे थोरलीला नवीन होतं. ती तोंड उघडणार, तोच शटरवर धडाधड थापा पडल्या.

“ताई! अहो ताई, कोण गेलं हो?” धाकटीचा गळा.

भर दुपारी शटर पडलेलं बघून तिने अख्खी गल्ली गोळा केली होती. दोन शेजारणी तर रडतही होत्या; कुणासाठी ते नंतर विचारणार होत्या.

थोरलीने भट्टी विझवली आणि शटर खाडकन वर केलं. “कुणी गेलं नाही! फ्रीज बिघडलाय! पडली थंडक?”

जावयाने बघ्यांच्या बिड्या विझवायला लावून त्यांना लांब पिटाळलं. बाहेरून मेन स्विच पाडला. दारं सताड उघडून खोली हवेशीर होऊ दिली. उरलेला गॅस लांब नळीने मोकळ्यावर सोडला, मग राहिलासाहिला हाकलायला नळ्यांतून नायट्रोजन फिरवला. फुटका जोड कापून आगीशिवाय, दाबून बसणारा नवा घातला, साबण लावून तपासला आणि मगच मेन स्विच लावून पंपाने आतली हवा ओढायला घेतली. नवा गॅस तो काट्यावर तोलून भरणार होता.

“सोनारापेक्षा मेला काटेकोर,” थोरली पुटपुटली. पण जरा मोठ्यानेच, गल्लीला ऐकू जाईल असं.

केक मात्र घसरायला लागला होता. दात-ओठ खात ती जावेकडे वळली. “धाकटे, घटकाभर तुझ्या फ्रीजमध्ये ठेव.”

धाकटीने मान खाली घातली. “ताई, माझाही आठवडाभर बंदच आहे. जावई तुमचे, बोलावलं असतं तर तुम्हाला कळलं असतं ना!”

“म्हणून होय अर्धं शटर!”

शेवटी कोपऱ्यावरच्या मासेवाल्याने बर्फ दिला आणि केक पातेल्यांच्या गराड्यात तग धरून बसला.

“जावईबापू, इथलं आटपलं की समोर जा,” थोरली म्हणाली. मग धाकटीकडे बोट रोखलं. “पण आधी तुझं शटर वर कर. पूर्ण. नाहीतर उद्या तुझ्या दारात रडायला यावं लागेल, आणि मला खोटं रडता येत नाही.”