डोंगर न पाहिलेली गाडी

“मिसेस ऑलसॉप, तुमची हिरवी गाडी मी चालवू का?”

टेगनने एका दमात विचारून टाकलं. कुंपणाआड मैत्रिणी तोंड दाबून हसत होत्या. चढावर गाडी बंद पाडून ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलीने अख्ख्या बाथर्स्ट गावातला सगळ्यात जड क्लच मागायचा, ही पैज त्यांचीच. घरी तर आईने पुढची परीक्षा बिनक्लचच्या ऑटोमॅटिक गाडीवर ठरवूनही टाकली होती.

ओसरीवर मटार सोलत बसलेल्या म्हाताऱ्या मिसेस ऑलसॉपनी वाडगा खाली ठेवला.

“भीती नाही वाटत?”

“वाटते ना. म्हणून तर पटकन विचारलं.”

“मग शिकाऊची पाटी लाव. माझा गुडघा आता तो क्लच दाबू देत नाही.”

गाडी शर्यतीतल्या गाडीची सख्खी बहीण. गावाशेजारच्या डोंगरावरच्या मोटारींच्या शर्यतीत उतरायचं, तर कंपनीला तश्शाच गाड्या ठरावीक संख्येने साध्या गिऱ्हाइकांना विकाव्या लागत. तरुणपणी शाळेत शिकवताना मिसेस ऑलसॉपनी त्यांतली एक घेतली, आणि जन्मभर तिच्यातून भाजी आणली.

“डोंगरावर पळवली असेल ना खूप?” गावाबाहेर पडताना टेगनने विचारलं.

“एकदाही नाही.”

“काय सांगता! शर्यत नसली की साधा रस्ताच तो. पाववाल्याची व्हॅनसुद्धा जाते.”

“जाते गं. मला वाटायचं, तिथे शर्यतवाल्यांनी जायचं. आपण आपल्या संख्या भरायला.”

टेगनने डोंगराकडे वळायचा सिग्नल दिला.

चढ सुरू झाला. ऐन उभ्या वळणावर पुढचा ट्रॅक्टर थांबला, टेगनने ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. मागे एक व्हॅन येऊन उभी राहिली. टेगनने पुन्हा चावी फिरवली. मिसेस ऑलसॉप खिडकीतून मळ्याकडे बघत होत्या.

“यंदा द्राक्षं लवकर धरलीत,” त्या म्हणाल्या.

गाडी पुन्हा गचका खाऊन बंद पडली. टेगनने तळव्यांचा घाम स्कर्टला पुसला, क्लच अगदी हळू सोडला, आणि गाडी चढू लागली.

माथ्यावर त्या थांबल्या. खाली सगळं गाव पसरलं होतं. मिसेस ऑलसॉप बराच वेळ गाडीच्या दारावर हात ठेवून उभ्या होत्या.

“तुझे आभार कसे मानू, पोरी?”

हेच वाक्य टेगन स्वतः म्हणणार होती.

रात्री जेवताना तिने बटाटे वाढून घेतले.

“आई, ऑटोमॅटिकचं रद्द कर. मी गिअरच्याच गाडीवर परीक्षा देणार.”

“आणि पुन्हा नापास झालीस तर?” बाबांनी विचारलं.

“तर पुन्हा देईन. आणि दर गुरुवारी मला घरी यायला उशीर होईल. मी मिसेस ऑलसॉपना डोंगरावर घेऊन जाणार आहे.”